सुरकुतीताईंचा पाहुणचार

विस्कटलेला पलंग दिसला की ताईंचे हात शिवशिवायला लागत. तो पलंग कुणाचा आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा. नणंदेकडे मुक्कामाला गेल्या तर नणंद दात घासून येईपर्यंत तिच्या नवऱ्याच्या अंगाखालची चादर निघालेली असे. एकदा कपाट बघायला म्हणून फर्निचरच्या दुकानात गेल्या आणि तिथे मांडलेल्या सगळ्या पलंगांच्या चादरी नव्याने घालून आल्या. कपाट बघायचं राहूनच गेलं. दुकानदार दारापर्यंत सोडायला आला, म्हणाला, "बाई, आठवड्यातून एकदा येत जा." ताईंच्या नवऱ्याला तो टोमणा वाटला. ताईंना ते आमंत्रण वाटलं. नवरा आडवा आला नसता तर त्या खरंच गेल्या असत्या.

हा नुसता स्वभाव नव्हता, हे त्यांचं काम होतं. समुद्रकाठच्या कड्यावर एक मोठं हॉटेल होतं, श्रीमंतांनी गोल्फ खेळायला आणि गोल्फ खेळून दमल्यावर झोपायला यावं असं. त्या हॉटेलात ताई दुसऱ्या मजल्याच्या प्रमुख होत्या. खोल्या आवरणाऱ्या मुली त्यांच्या हाताखाली. मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत ताई शेवटी एकदा जात, दारातच उभ्या राहून मान तिरकी करत, आणि पलंगावर कुठेतरी एखादी चुणी नक्की शोधून काढत. मुली समोर त्यांना "ताई" म्हणत आणि पाठीमागे "सुरकुतीताई". ताईंना ते ठाऊक होतं. नाव काही वाईट नाही, असं त्यांचं मत होतं.

हॉटेलच्या पुढे मैदान होतं, मैदानापुढे समुद्र. समुद्र ताईंना फारसा पटत नसे, सारखा हलतो. मैदान मात्र पसंत होतं. एवढी मोठी जमीन आणि एक घडी वाकडी नाही.

हॉटेलची एक पद्धत होती. ज्याची नोकरी पंचवीस वर्षांची झाली त्याला नवरा किंवा बायकोसकट दोन रात्री पाहुणा म्हणून राहायला मिळे. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने यायचं. खोली, जेवण, नाश्ता, सगळं इतर पाहुण्यांसारखं. अट एकच, कामाला हात लावायचा नाही. बाकीचे लोक पंचविसावं वर्ष लागलं की कपडे शिवायला टाकत. ताईंची पंचवीस वर्षं केव्हाच उलटून गेली होती. दरवेळी त्या म्हणत, "बघू, सीझन संपू दे." सीझन संपे आणि ताई गाद्या उन्हात टाकायला घेत.

पण यंदा गोष्ट वेगळी झाली, आणि ती झाली त्यांच्या लेकीमुळे.

लेक एकुलती एक. शिकलेली, हुशार, तोंडाने फटकळ. आधीच्या दोन नोकऱ्या तिने सोडल्या होत्या, एक ती साहेबाला आवडली नाही म्हणून आणि एक तिला साहेब आवडला नाही म्हणून. घरी तिचा पलंग म्हणजे मांजर बाळंत झाल्यासारखा. आपल्यामागे हिचं कसं होणार, या काळजीने ताईंची झोप उडालेली असे. अशा या मुलीने आईला न विचारता एक दिवस त्याच हॉटेलात अर्ज केला, तिला घेतलंही, आणि पाठवलं नेमकं दुसऱ्या मजल्यावर. तीन महिने चाचणी, मग कायम. ताईंना अभिमान वाटला आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. अभिमान त्यांनी लपवला. गोळा मात्र सगळ्या मजल्याला दिसत होता.

चाचणीचे दिवस संपत आले तसं हाउसकीपिंगच्या मॅडमनी ताईंना बोलावून घेतलं. मॅडम वयाने लहान, पण ताईंना मान देणाऱ्या.

"ताई, मुलीचं ठरवायचंय. पण मला कोणी खरं सांगत नाही. ताईंची मुलगी म्हणून सगळ्या तिला सांभाळून घेतात."

"मी सांगते की खरं."

"म्हणून तर बोलावलं. तुमच्या दोन रात्री या शनिवार-रविवारी घ्या. तुमची खोली तीच करेल, दुसरं कोणी नाही. पाहुणी म्हणून कसं वाटलं तेवढं मला सांगा. आई म्हणून नको, सुपरवायझर म्हणूनही नको."

"आणि पाहुणीला नाही आवडलं तर?"

"तर मग नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलणार नाही, एवढी मला खात्री आहे."

ती खात्री ताईंनाही होती आणि तीच तर पंचाईत होती. खोटं बोलायला गेलं की त्यांची मान खाजायला लागे. लग्नाच्या आधीपासूनची सवय. घरी येईपर्यंत त्यांनी खूप विचार केला आणि बस थांब्यावर त्यांना उत्तर सापडलं. खोली उत्तम असली की झालं. मग उत्तम होती म्हणायला मान कशाला खाजेल? ती कोणी केली, हे मॅडमनी कुठे विचारलंय?

आईचं काळीज. दुसरं काय म्हणायचं.

शनिवारी दोघं पुढच्या दाराने आत आली. दरवान दार उघडून उभा राहिला, तर ताईंनी उलट त्याच्यासाठी दार धरलं. दोघंही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उन्हात उभे राहिले. शेवटी ताईंचा नवरा दोघांच्या मधून बॅग घेऊन आत गेला. तो फ्रिज दुरुस्त करायचा. आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरात पालथा पडलेला माणूस, पण पाहुणा म्हणून जणू जन्मापासूनच तयार होता. खोलीत शिरल्या शिरल्या त्याने छोटा फ्रिज उघडला, कान लावला, "आवाज चांगला आहे," असं प्रमाणपत्र दिलं, पांढरा बाथरोब चढवला आणि तो पुढे जेवणाची वेळ होईपर्यंत उतरवला नाही. रिसेप्शनवरच्या माणसाला तर त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं, "आमची ही दोन रात्री टिकत नाही बघा. उद्या घरी पळून जाईल." रिसेप्शनवाला हसला. सगळ्या हॉटेलचं हेच मत होतं.

त्या रात्री ताई पलंगाच्या अगदी कडेला झोपल्या. चादर चुरगळायला नको.

सकाळी उजाडायच्या आत उठून त्यांनी नवऱ्याला हलवलं.

"अहो, उठा."

"अगं, सुट्टी आहे! पैसे न देता झोपायला मिळतंय, झोपू दे की."

"मग त्या बाजूला व्हा. आता या बाजूला या. आता उभे राहा."

तो उभा राहिला तेव्हा पलंग झालेलासुद्धा होता. चादर अशी ताणून खोचलेली की वरून थाप मारली तर वाजली असती. मग ताईंनी पिशवीतून घरचं फडकं काढलं. बेसिन पुसलं, नळ पुसला, आरसा पुसला, फरशी कोरडी केली. दात घासायचे ब्रश धुऊन, पुसून आपल्या पिशवीत टाकले. कचऱ्याच्या डब्यात एक कागद होता तो घडी करून पर्समध्ये ठेवला. बॅग उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर, जादाच्या ब्लँकेटमागे सरकवली. नवऱ्याचा बाथरोब अंगातून काढून घेतला आणि नव्या घडीसारखा हँगरला लावला.

"माझ्या चपला?" नवरा म्हणाला.

"कपाटात."

"आणि मी?"

"तुम्ही गॅलरीत बसा."

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. "हाउसकीपिंग!" लेकीचाच आवाज, पण ड्यूटीवरचा. ती आत आली, पलंगाकडे बघितलं, बाथरूममध्ये डोकावली आणि परत आली.

"आई."

"काय गं?"

"हे काय आहे?"

"काही नाही. थोडं आवरलं."

"थोडं? काल इथे कोणी झोपलं होतं असं वाटतंय का?"

"तू बस बघू दोन मिनिटं. चेहरा कसा उतरलाय. पाणी पी."

"मी ड्यूटीवर आहे. पाहुण्यांच्या खोलीत मी बसत नाही."

"मी कुठली आलेय पाहुणी!"

"तेच तर म्हणतेय मी!" लेक म्हणाली. "आता मी इथे काय करू? काय केलं म्हणून सांगू?"

"काय सांगायचंय? खोली चकचकीत आहे."

लेकीने ट्रॉली अशी वळवली की चाकांनी सुद्धा चिडून आवाज केला. गॅलरीतून नवरा म्हणाला, "तुझ्यासारखीच आहे." ताईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांच्या मते सकाळ छान पार पडली होती.

दिवसभर नवऱ्याने गॅलरीतून गोल्फ बघितला. "एवढी मोठी माणसं," तो सांगत होता, "एवढासा चेंडू. मारतो एकजण, शोधतात चौघं. आणि सापडला की पुन्हा लांब मारतात. ठेवायचा ना खिशात!" ताई शेजारी बसून गॅलरीच्या कठड्यावरची समुद्राची खारट धूळ बोटाने बघत होत्या. पुसत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

संध्याकाळी दोघं जेवायला निघाली. पंचवीस वर्षांची सवय, ताईंचे पाय आपोआप नोकरांच्या जिन्याकडे वळले, त्यामुळे रिसेप्शनवाल्याला ती दोघं दिसलीच नाहीत. भोजनगृह मैदानाच्या काठावर होतं, तीन बाजूंनी काच. बाहेर हिरवळ काळी पडत चालली होती आणि तिच्यापलीकडे समुद्र अजून थोडा उजेड धरून होता. वाढायला आला तो जुना वेटर, ताईंच्याच आसपासच्या वर्षी नोकरीला लागलेला. कामगारांच्या जेवणघरात इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवलेला माणूस आज हात पाठीमागे घेऊन वाकला आणि म्हणाला, "मॅडम, सूप घेणार?"

"मॅडम काय रे म्हणतोस मला!"

"आज तुम्ही मॅडम. उद्या परत शिव्या खायच्याच आहेत."

सूप आलं. मग मासा आला. ताटली एवढी मोठी की मासा तिच्यात वाट चुकल्यासारखा दिसत होता. नवऱ्याने वरून, खालून, बाजूने बघितलं. "बाकीचा मागून येतोय का?" वेटर गंभीरपणे म्हणाला, "एवढाच, साहेब. पण सावकाश खायचा असतो." नवऱ्याने पावाच्या टोपलीकडे हात नेला आणि सावकाशीची भरपाई केली.

ताईंचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. टेबलावर पावाचा चुरा पडे आणि त्या तळहाताने गोळा करत. तोंड पुसलं की रुमालाची घडी पूर्ववत घालत. संपलेल्या ताटल्या एकावर एक रचून त्यांनी टेबलाच्या टोकाला सरकवल्या, तसा वेटर धावत आला.

"ताई, हात मांडीवर!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही ताटल्या रचल्यात तर मला लोक काय म्हणतील?"

"मदत केली रे."

"करू नका. माझ्या बायकोचीपण मदत मी अशीच थांबवतो."

पुडिंग आलं तेव्हा कुठे ताई खुर्चीला टेकल्या. एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगलं आहे." नवऱ्याने चमचा खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं या हॉटेलचा पगार खाल्ला, पण हॉटेलचं पुडिंग त्यांनी पहिल्यांदाच खाल्लं होतं. दोघांनी मग ते संपवलं. नवऱ्याने स्वतःचं आणि त्यांचं उरलेलंही.

इकडे वर काय झालं ते आता सांगायला हवं. संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की मुली खोल्यांमधून फिरून पडदे ओढतात, दिवे मंद करतात. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बदली मुलगी होती. तिने ताईंची खोली उघडली. पलंग कडक. बेसिन कोरडं. डबा रिकामा. बॅग नाही, चप्पल नाही, ब्रश नाही. तिने खाली फोन केला, "ही खोली रिकामी आहे. पाहुणे गेलेत, खोली तयारसुद्धा आहे." रिसेप्शनवाला हसला. "गेल्या वाटतं ताई घरी. काका म्हणालेच होते." आणि नेमकी त्याच वेळी गोल्फवाल्यांची एक मंडळी एक खोली कमी पडली म्हणून काउंटरशी उभी होती.

दोघं जेवून वर आली. नवऱ्याने दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. "थांब," तो म्हणाला, "याचं सर्किट सैल असणार." आणि बाथरोब मिळण्याच्या घाईत त्याने दारावर दोन थापा मारल्या.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

ताईंनी दारावरचा नंबर पुन्हा बघितला. नवरा म्हणाला, "आम्ही आहोत. तुम्ही कोण आहात?"

"मी झोपलोय!"

"आमच्या खोलीत?"

"माझ्या खोलीत! थांबा, उठतो." मग बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली. "अहो, उठता येत नाहीये! या चादरीतून पायच निघत नाहीत!"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं आणि दाराला तोंड लावून शांतपणे सांगितलं, "ती आमच्या हिनं खोचलेली आहे. तशी नाही निघणार. आधी उशीकडे सरका, मग पाय पोटाशी घ्या, मग एका कुशीवर वळा."

थोड्या वेळाने दार उघडलं. दारात एक भले गृहस्थ, केस उभे, अंगावर ताईंच्या नवऱ्याचा बाथरोब.

पुढची सगळी गर्दी खाली काउंटरशी जमली. रिसेप्शनवाला माफी मागत होता, बदली मुलगी रडायच्या बेतात होती, मॅडम आपल्या खोलीतून आल्या होत्या आणि ताईंच्या लेकीला, ड्यूटीच्या दिवसांत ती राहायची त्या कामगारांच्या वसतिगृहातून बोलावलं होतं. तिचे केस ओले होते.

"सकाळी ही खोली तुझ्याकडे होती ना?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"तू केलीस?"

लेकीने क्षणभर आईकडे बघितलं. "नाही, मॅडम."

"का नाही?"

लेक आपल्या बुटांकडे बघत राहिली. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी मुलगी. ताईंना वाटलं, आता बोलेल, आता सांगेल. पण नाही. रिसेप्शनवाला म्हणाला, "बघा! सकाळी खोली केलीच नाही, म्हणजे तशी नोंदही नाही, मग तिथे कोणी राहतंय हे आम्हाला कळणार कसं?" मॅडमनी सुस्कारा सोडला. तो सुस्कारा ताईंना चांगला ओळखीचा होता. त्यानंतर मॅडम "बरं" म्हणत आणि त्या "बरं"नंतर माणूस सोमवारी दिसत नसे.

"मी केली," ताई म्हणाल्या.

"काय केलंत?"

"खोली. मीच केली. तिला हात लावू दिला नाही. बॅग पण मीच लपवली. म्हणजे लपवली नाही, नीट ठेवली." मग सगळंच बाहेर आलं, फडकं, ब्रश, पर्समधला कचऱ्याचा कागद. तो त्यांनी पुराव्यासाठी काढूनही दाखवला.

मॅडमनी तोंडावर हात धरला होता. रागाने की कशाने, कळत नव्हतं. "आणि मी उद्या विचारलं असतं, खोली कशी होती, तर काय सांगणार होतात?"

"उत्तम."

"उत्तमच होती," गोल्फवाले गृहस्थ मध्येच म्हणाले. "फक्त सकाळी मला उठवायला माणूस पाठवा."

यावर मात्र मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. "ताई, आजची गडबड हॉटेलची. म्हणून वरची मोठी खोली तुम्हाला देते आणि एक रात्र जास्त. पण मुलीचं काम मी अजून बघितलेलंच नाही. उद्या सकाळी ती तुमच्यासमोर खोली करेल. खोली झोपून उठल्यावर जशी असते तशी राहील. तुम्ही खुर्चीवर बसायचं. उशीलासुद्धा हात लावलात तर मी काही न बघताच तिला घरी पाठवेन."

"एक रात्र जास्त!" नवरा म्हणाला. त्याला पुढचं ऐकूच आलं नव्हतं.

लेक त्यांना वरच्या खोलीपर्यंत सोडायला आली. दाराशी ती म्हणाली, "आई, तुला वाटतं मला जमणार नाही."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"मला भीती वाटते. तुला कोणी काही बोलेल याची."

"बोलू दे ना! तू रोज एवढ्या जणींना बोलतेस. त्यांच्या आया येतात का पलंग घालायला?"

नवरा कुलपाशी कार्ड लावत होता. तो जरूर नसताना बराच वेळ लावत राहिला.

सकाळ झाली. ताई जाग्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे चादरीला हात घातला. "अंहं!" नवरा म्हणाला. त्याने दोन लोळणी जास्तीची घेतली, एक उशी पायाशी सरकवली. "मी बिघडवतो. तू बघ." अंघोळ झाल्यावर ओला टॉवेल खाली टाकायचा होता. ताईंनी तो हातात धरला. टाकायचा म्हणून हात लांब केला आणि परत घेतला. नकळत चौकोनी घडी झाली. नवऱ्याने ती घडी काढून घेतली, झटकली आणि भिरकावली. ताईंनी डोळे मिटून घेतले. मग गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढून त्या बसल्या, आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

"हाउसकीपिंग!"

लेक आत आली. मॅडम दारात थांबल्या. लेकीने आई-वडिलांकडे अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तसं बघून "गुड मॉर्निंग" केलं आणि आधी बाथरूममध्ये शिरली. आधी पलंग, मग बाथरूम, असं ताई मुलींना वर्षानुवर्षं सांगत आलेल्या. पण मांडीखालचे हात त्यांनी आणखी दाबले. बाहेर आल्यावर लेकीने पलंग सोडवला. खिडकीकडून सुरुवात केली, उलटी. चादर हवेत उडवली ती चांगली सरळ पडली, हे ताईंनी मनात कबूल केलं. डावा कोपरा खोचला तो ढिला. ताईंचा घसा आपोआप खाकरला. नवऱ्याने मोठ्याने वर्तमानपत्र उलटलं.

नवऱ्याचा चष्मा उघडाच उशाशी पडला होता. ताईंनी तो डब्यात घालून ड्रॉवरमध्ये टाकला असता. लेकीने तो पुसला आणि होता तिथेच, हात लांब केला की लागेल असा ठेवला. मग ती ताईंच्या बाजूला आली. ताईंची मान धरते, म्हणून त्या उशीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन झोपत. मजल्यावर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. घरी आणि इथे ताई सकाळी उठताच ती उलगडून टाकत. आज उलगडली नव्हती. लेकीने ती गुंडाळी हातात घेतली, जरा दाबून बघितली, नवा टॉवेल काढला, तेवढाच जाड गुंडाळला आणि उशीखाली तिथेच सरकवला. वर बघितलं नाही. पुढच्या कामाला लागली.

ताई हात मांडीखालून काढायचं विसरल्या. मुंग्या आल्या तेव्हा आठवलं.

"आणखी काही हवंय, मॅडम?" लेकीने शेवटी विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "तो कोपरा—" आणि थांबल्या. "नको."

मॅडम आत आल्या. "बोला, ताई."

"डाव्या बाजूचा कोपरा ढिला आहे," ताई म्हणाल्या. "आरशावर बोट उमटलंय. पलंगाच्या आधी बाथरूम केली." लेकीचा चेहरा पडत चालला होता. ताईंना ते दिसत होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. "झालं एवढंच."

"हे सुपरवायझर बोलल्या," मॅडम म्हणाल्या. "पाहुणी काय म्हणते?"

ताईंनी पलंगाकडे बघितलं. दारातून बघतात तशी मान तिरकी करून नाही, सरळ बघितलं.

"पाहुणीला हिने ओळखलं," त्या म्हणाल्या. "पाहुणीने काही सांगितलं नव्हतं तरी. मी एवढ्या वर्षांत खोल्या चांगल्या ठेवल्या, पण त्यांत कोण राहतं ते फारसं बघितलं नाही." त्या पुढे म्हणाल्या, "ठेवा तिला. कोपरा शिकेल ती."

मॅडमनी लेकीकडे बघितलं. "उद्यापासून कायम. पण आईच्या मजल्यावर नाही. पहिल्या मजल्यावर."

"सुटले!" लेक म्हणाली आणि एकदम हसली, लहानपणी पडून उठल्यावर हसायची तशी.

"पहिल्या मजल्यावर?" ताईंचा गोळा लगेच जागेवर आला. "तिथली बाई फार कडक आहे हो, मॅडम. हिचं तोंड हे असं—"

"आई."

"बरं बाई. मी कुठे काय म्हणतेय."

लेक ट्रॉली ढकलत निघाली. दाराबाहेर गेल्यावर परत डोकावली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, हिला बाहेर सोडू नका." मग चाकं लांब गेली आणि पुढच्या दारावर टकटक ऐकू आली. ताई उठल्या, दारापर्यंत गेल्या, कान देऊन उभ्या राहिल्या. तिकडे कोणीतरी दार उघडलं, लेक काहीतरी बोलली, समोरचं माणूस हसलं. ताईंनी आपलं दार लावून घेतलं.

मग त्यांनी चपला काढल्या, भरदिवसा, नव्या घातलेल्या चादरीवर, पलंगाच्या अगदी मधोमध आडव्या झाल्या आणि डोकं उशीवर टेकलं. मान बरोबर बसली.

नवरा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठलाच. "बरं नाहीये का गं?"

"चांगली आहे. खाली फोन लावा, जेवण वर आणायला सांगा. ते परवाचं पुडिंग असलं तर बघा."

"कालचं."

"कालचं तर कालचं. आणि दार उघडायला तुम्हीच उठा. मी उठणार नाही."

नवऱ्याने बाथरोबचा पट्टा आवळला आणि आज्ञाधारकपणे फोन उचलला.